लॉटरीचं तिकीट वाचायचं कसं: सोडत, स्क्रॅच कार्ड आणि त्यांच्या नावाने होणारी फसवणूक

आमच्या गावचा बाजार सोमवारचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या नेर-दारव्ह्याच्या पट्ट्यात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, आधारला मोबाइल जोडणं, दिवसभर हेच काम. दिवाळीनंतरच्या एका सोमवारी अर्ध्या तासात दोन माणसं आली.

आधी एक काकाजी आले. पीकविम्याची पावती सापडेना म्हणून त्यांनी बंडीच्या खिशातले सगळे कागद काउंटरवर ओतले. त्यात चार घड्या पडलेलं राज्य लॉटरीचं एक तिकीट होतं. "ते फेका भाऊ, पयला नंबर नाई लागला," ते म्हणाले. मी सहज निकाल उघडला. पहिला नंबर नव्हताच, पण शेवटचे चार अंक खालच्या एका बक्षिसाशी जुळत होते. पाचशे रुपये.

ते बसलेले असतानाच शिवणकाम करणारी एक ताई आली. हातात पोस्टाने आलेला जाड लिफाफा, आत गुळगुळीत कागदाचं स्क्रॅच कार्ड. खरवडलेल्या जागेत गाडीचं नाव. "मले कार लागली दादा. आज साडेसहा हजार नाई टाकले तं दुसऱ्याले देतील म्हन्ते." पैसे तिने बचत गटातून उचलून आणले होते.

खरं बक्षीस फेकायला निघालेलं आणि खोट्या बक्षिसासाठी कर्ज काढलेलं, हे एकाच काउंटरवर, एकाच सकाळी. त्या दिवसापासून मनात होतं की हा सगळा प्रकार कसा चालतो ते एकदा सविस्तर लिहावं. तिकीट घ्या किंवा घेऊ नका असं मी कुणाला सांगत नाही. पण तिकिटात कुणाला किती मिळणार याचा हिशोब ते छापतानाच झालेला असतो. घेणाऱ्याला तो हिशोब माहीत असावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

सरकारी लॉटरी कशाला म्हणायचं

महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ रोजी सुरू झाली. त्याच्या दोन वर्षं आधी, १९६७ मध्ये, केरळने आपल्या देशातली पहिली सरकारी लॉटरी काढली होती. आपल्याकडे ती सुरू करताना एक उघड हेतू होता: लोक मटक्यावर पैसा उधळतात, त्यांना सरकारी देखरेखीखालचा पर्याय द्यावा आणि येणारा पैसा सरकारी तिजोरीत यावा.

सगळ्या राज्यांच्या लॉटऱ्यांना केंद्राचा १९९८ चा लॉटरी नियमन कायदा लागू आहे. त्यातल्या चार-पाच अटी पाठ असल्या तर खरं-खोटं ओळखायला दुसरं फारसं काही लागत नाही. तिकीट राज्य सरकारने छापलेलं हवं, त्यावर राज्याचं चिन्ह हवं. विक्री सरकारने स्वतः किंवा नेमलेल्या वितरक-विक्रेत्यांमार्फत करायची. सोडत सरकारनेच काढायची, आणि तीही त्या राज्याच्या हद्दीत. एका लॉटरीची सोडत आठवड्यातून एकदाच, आणि वर्षभरात बंपर सोडती सहापेक्षा जास्त नाहीत. नुसत्या एका अंकावर किंवा आधी जाहीर केलेल्या नंबरावर बक्षीस ठेवायचं नाही. शेवटची ही अट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

खाजगी माणसाने, मंडळाने किंवा दुकानाने स्वतःची लॉटरी चालवणं हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ मध्ये आहे. परवानगी नसलेली लॉटरी चालवायला जागा ठेवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गणपतीत किंवा जत्रेत दहा-वीस रुपयांच्या पावत्या फाडून मोटारसायकलची "सोडत" काढणाऱ्या आपल्या पोरांना हे ठाऊक नसतं. वडीलधाऱ्यांनी त्यांना आधीच सांगावं.

तिकीट हातात आलं की काय पाहायचं

एसटी स्टँडजवळच्या विक्रेत्याकडून घ्या की पानठेल्यावर लटकवलेलं घ्या, पैसे देण्याआधी एक मिनिट उजेडात उभे राहा.

पुढच्या बाजूला राज्याचं नाव आणि चिन्ह, लॉटरीचं नाव, तिकिटाची किंमत, सोडतीची तारीख आणि वेळ असते. मग मालिका, म्हणजे नंबराच्या आधी येणारी अक्षरं किंवा आकडे, आणि त्यापुढे नंबर. मालिका आणि नंबर मिळून एक तिकीट होतं. नंबर सारखा असलेली तिकिटं प्रत्येक मालिकेत एक-एक असतात, म्हणून नुसता नंबर जुळला तर पहिलं बक्षीस लागलं असं होत नाही. बारकोड किंवा क्यूआर कोड असेल तर तो फाटलेला, घासलेला नको. सोडतीची तारीख उलटलेली नाही ना, हेही पाहा. बाजाराच्या गर्दीत जुनं तिकीट हातात येऊ शकतं.

मागची बाजू कुणी वाचत नाही, आणि सगळा मामला तिथेच छापलेला असतो. कितवं बक्षीस किती रुपयांचं आणि अशी बक्षिसं किती. कोणतं बक्षीस मालिकेसह पूर्ण नंबराला आणि कोणतं शेवटच्या चार अंकांना. विक्रेता किती रकमेपर्यंत जागेवर पैसे देऊ शकतो. दावा करायची मुदत किती. आणि पहिलं बक्षीस विकल्या गेलेल्या तिकिटांतूनच निघणार आहे का. हा शेवटचा मुद्दा छोटा दिसतो, पण छापलेली सगळी तिकिटं विकली जातीलच असं नसतं. विकलेल्यांतूनच काढायची हमी नसेल, तर नंबर न विकलेल्या तिकिटाचाही निघू शकतो. मग ते बक्षीस कुणाच्याच हाती पडत नाही.

घेतल्यावर लगेच दोन गोष्टी करा. तिकिटाच्या मागे आपलं नाव, पत्ता लिहून सही करा, आणि दोन्ही बाजूंचा मोबाइलमध्ये फोटो काढा. तिकीट ज्याच्या हातात, त्याचा दावा. हरवलं आणि दुसऱ्याला सापडलं, तर तुमच्या सहीशिवाय ते तुमचं होतं हे दाखवायला काही उरत नाही. काकाजींसारखं खिशात ठेवू नका. शर्टासोबत धुतल्या गेलेल्या तिकिटावर कोणतंच कार्यालय पैसे देत नाही. मी लोकांना सांगतो, पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरात ठेवा.

सोडत कशी निघते

सोडत पंचांच्या देखरेखीखाली निघते. जुनी आणि समजायला सोपी पद्धत म्हणजे नंबराच्या प्रत्येक जागेसाठी एक चक्र: एककाचं वेगळं, दशकाचं वेगळं, शतकाचं वेगळं. प्रत्येक चक्रावर ० ते ९. चक्रं फिरतात, थांबतात आणि समोर आलेले अंक मिळून नंबर होतो. मालिकाही तशीच काढतात.

प्रत्येक चक्र स्वतंत्र फिरतं, ही यातली खरी गोष्ट आहे. गेल्या आठवड्यात काय निघालं हे त्याला माहीत नसतं. "सात बरेच दिवस आला नाही, आता येणार" हे आपल्या पारावरचं गणित चक्राला लागू नाही. ००००७ आणि ५८२९१ या दोन नंबरांना निघण्याची संधी अगदी सारखी. वाढदिवसाचा नंबर, गाडीचा नंबर, स्वप्नात दिसलेला नंबर, महाराजांच्या पोथीतल्या ओवीचा नंबर, सगळ्यांना तेवढीच. "लकी नंबर" म्हणून कुणी तिकिटाला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

यंत्रात गडबड करता येते का? झालेली आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात चक्रांऐवजी हवेने वर उडणाऱ्या, अंक लिहिलेल्या चेंडूंनी नंबर काढत. तिथे २४ एप्रिल १९८० च्या सोडतीत ४ आणि ६ सोडून बाकीच्या चेंडूंना आतून रंग टोचून जड केलं होतं. हलके चेंडूच वर आले आणि नंबर निघाला ६६६. त्या नंबराच्या मोजक्या जोड्यांवर ठरवून मोठा पैसा लावला गेल्याचं उघडकीला आलं आणि माणसं तुरुंगात गेली. ते पकडले गेले कारण खेळ सरकारी होता: विक्रीची नोंद होती, सोडत सगळ्यांसमोर झाली होती, चौकशी करायला यंत्रणा होती. गल्लीतल्या मटक्यात गडबड झाली तर नोंद कुठे शोधणार?

आता गणित

हा भाग थोडा रेटून वाचा. आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत, कोणत्याही एका लॉटरीचे नाहीत. पण तिकिटाच्या मागचे आकडे घेऊन हाच हिशोब कोणत्याही लॉटरीचा मांडता येतो. दहावीतल्या पोराला बसवा, तो करून देईल.

धरा, पाच मालिका आहेत आणि प्रत्येकीत ००००० ते ९९९९९ असे एक लाख नंबर. म्हणजे एकूण पाच लाख तिकिटं. किंमत ५० रुपये. सगळी विकली तर जमा होतात अडीच कोटी.

पहिलं बक्षीस २५ लाखांचं, एकच. तोच नंबर असलेल्या बाकीच्या चार मालिकांना समाधानाचे दहा-दहा हजार. दुसरं बक्षीस एका पूर्ण नंबराला, पाचही मालिकांत, एक लाख प्रत्येकी. झाले पाच लाख. तिसरं शेवटच्या चार अंकांना, असे पाच नंबर काढायचे. चार अंक जुळणारी तिकिटं एका मालिकेत दहा, पाच मालिकांत पन्नास, म्हणून पाच नंबरांची अडीचशे तिकिटं. प्रत्येकी ४,००० म्हणजे दहा लाख. चौथंही शेवटच्या चार अंकांना, पण असे पन्नास नंबर. तिकिटं २,५००, प्रत्येकी १,०००, म्हणजे पंचवीस लाख. पाचवं शेवटच्या दोन अंकांना, असे चार नंबर. तिकिटं २०,०००, प्रत्येकी २००, म्हणजे चाळीस लाख.

सगळी बेरीज १ कोटी ५ लाख ४० हजार. जमा झालेल्या अडीच कोटींतला ४२ टक्के भाग. म्हणजे सगळ्यांनी मिळून टाकलेल्या प्रत्येक ५० रुपयांतले २१ रुपये परत येतात आणि २९ येत नाहीत.

ते २९ कुठे जातात? सगळ्यात मोठा वाटा कराचा. लॉटरीवर मार्च २०२० पासून २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. कर तिकिटाच्या छापील किमतीतच धरलेला असतो, त्यामुळे ५० च्या तिकिटात सव्वाचौदा रुपये नुसता कर. उरलेल्यातून छपाई, वाहतूक, वितरकाचं आणि विक्रेत्याचं कमिशन, जाहिरात, आणि शेवटी राज्याचा नफा.

आता संधी पाहा. पहिलं बक्षीस पाच लाखांत एक. दर आठवड्याला एक तिकीट घेतलं तर वर्षाला ५२. त्या हिशोबाने पहिला नंबर सरासरी साडेनऊ हजार वर्षांत एकदा. काही ना काही लागण्याची संधी मात्र बरी दिसते: बक्षिसाची तिकिटं २२,७६०, म्हणजे साधारण बावीस तिकिटांमागे एक. पण त्यातली २०,००० ही दोनशे रुपयांचीच आहेत. विक्रेता "सरासरी दर बावीस तिकिटांत एक लागतं" म्हणाला तर तो खोटं बोलत नाही. बावीस तिकिटांचे अकराशे रुपये होतात, एवढं मात्र आपण लक्षात ठेवायचं.

आठवड्याला पन्नास म्हणजे वर्षाला २,६००. त्यात शंभराची भर घातली की डीएपी खताची दोन पोती येतात. हे मी तिकीट सोडा म्हणून लिहीत नाही. गावात असे कितीतरी लोक आहेत जे पन्नासचं तिकीट घेतात, सोडतीपर्यंत पोरीचं लग्न, बोअर, घराचा स्लॅब मनात मांडतात आणि निकाल पाहून कामाला लागतात. त्या मांडण्याची ती किंमत आहे, आणि परवडत असेल तर ठीक आहे. माझी तक्रार वेगळी आहे. सोयाबीनचा चुकारा हातात आला की काही जण एकदम शंभर तिकिटांचं बंडल घेतात, "जास्त घेतली की लागतंच" म्हणून. शंभर तिकिटं म्हणजे पाच हजार. पहिल्या बक्षिसाची संधी पाच हजारांत एक झाली, हे खरं. पण परत येण्याची सरासरी तीच: टाकलेले पाच हजार, अपेक्षित परतावा २,१००. तिकिटं वाढवली की तोटाही त्याच प्रमाणात वाढतो. उसने घेऊन तर तिकीट कधीच घेऊ नका. सावकाराचं व्याज सोडतीच्या दिवशीही थांबत नाही.

निकाल पाहणं आणि पैसे मिळवणं

निकाल राज्य लॉटरीच्या सरकारी संकेतस्थळावर येतो. विक्रेत्याकडे छापील तक्ताही असतो. तपासताना आधी सोडतीची तारीख आणि लॉटरीचं नाव जुळवा. एकाच आठवड्यात वेगवेगळ्या नावांच्या लॉटऱ्या असतात आणि दुसऱ्याच लॉटरीचा तक्ता पाहून तिकीट फेकलेले लोक मी पाहिले आहेत. मग वरून खाली या: मालिकेसह पूर्ण नंबर, मग मालिकेशिवाय पूर्ण नंबर, मग शेवटचे अंक. काकाजी पहिल्या ओळीवरच थांबले होते. चार अंकांच्या रकान्यात पन्नास-शंभर नंबर बारीक अक्षरात असतात, डोळ्याला दिसत नसेल तर घरातल्या शिकत्या पोराला वाचायला लावा. विक्रेत्याला तपासायला देत असाल तर तिकीट आपल्या नजरेसमोर ठेवा, आणि तो "नाही लागलं" म्हणाला तरी परत मागून घ्या.

लहान रक्कम विक्रेत्याकडेच मिळते. काकाजींचे पाचशे पुढच्या आठवड्यात यवतमाळच्या विक्रेत्याने जागेवर दिले. मोठ्या रकमेसाठी राज्य लॉटरीच्या नवी मुंबईतल्या वाशीच्या कार्यालयात दावा करावा लागतो. विहित अर्ज, मूळ तिकीट, पॅन, आधार, फोटो आणि बँक पासबुकाची किंवा रद्द केलेल्या धनादेशाची प्रत लागते. जाण्याआधी तिकिटाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून एक प्रत घरी ठेवा. आपल्याकडून वाशी लांब आहे, विदर्भ एक्सप्रेसने रात्रभराचा प्रवास आणि ठाण्याहून पुन्हा लोकल. म्हणून कुणी "मी जाऊन आणतो, तिकीट द्या" म्हणेल. देऊ नका. मूळ तिकीट दुसऱ्याच्या हाती दिलं की दावाही त्याच्याच हाती जातो. दुसरा एक प्रकार असा की लागलेलं तिकीट कुणी जास्त पैसे देऊन विकत मागतं. तो आपला काळा पैसा बक्षिसाच्या नावाने पांढरा करायला पाहत असतो. पुढे चौकशी झाली तर तुमचंही नाव निघेल.

मुदत पाळा. मुदतीत न मागितलेलं बक्षीस कायद्याने सरकारजमा होतं, मग कितीही खरं तिकीट दाखवा.

कराचं नीट समजून घ्या, कारण इथे शेतकरी माणूस गोंधळतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं, लॉटरीचं नसतं. एका बक्षिसाची रक्कम दहा हजारांच्या वर गेली की ३० टक्के कर कापूनच पैसे हातात येतात. त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के. बक्षीस पन्नास लाखांच्या वर असेल तर अधिभार आणखी वेगळा. करमुक्त मर्यादेचा फायदा इथे मिळत नाही आणि "मी आजवर पाच हजारांची तिकिटं घेतली" म्हणून खर्चही वजा होत नाही. पंचवीस लाखांचा हिशोब असा: साडेसात लाख कापून साडेसतरा लाख खात्यात येतील, आणि उपकराचे तीस हजार स्वतः भरायचे राहतील. हातात पक्के १७ लाख २० हजार. आयुष्यात कधी विवरणपत्र भरलं नसेल तरी त्या वर्षी भरावं लागेल, आणि नेहमीच्या सोप्या फॉर्म १ मध्ये लॉटरीचं उत्पन्न दाखवता येत नाही, फॉर्म २ लागतो. कर कापल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या.

पाच जणांनी वर्गणी करून तिकीट घेतलं असेल तर सोडतीच्या आधीच एका वहीच्या पानावर लिहा: लॉटरीचं नाव, तारीख, मालिका आणि नंबर, कुणाचे किती पैसे, तिकीट कुणाकडे. सगळ्यांच्या सह्या घ्या आणि त्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवा. बक्षीस लागलं तर दावा करतानाच सगळ्यांची नावं द्या, नाहीतर पैसे आणि कर दोन्ही एकाच्याच पॅनवर चढतात आणि पुढे भावकीत वाद होतात.

स्क्रॅच तिकीट आतून कसं असतं

सोडतीच्या तिकिटात नंबर नंतर निघतो. स्क्रॅचमध्ये निकाल आधीच छापलेला असतो आणि तुम्ही तो फक्त उघडता. कितीही हळू खरवडा, देवाचं नाव घेऊन खरवडा, आत जे आहे ते कारखान्यातच ठरलेलं आहे.

संगणकाने छापलेला असा सरकारी स्क्रॅच खेळ पहिल्यांदा १९७४ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या लॉटरीने आणला. आधी ठरतं की एवढ्या लाख तिकिटांत अमुक रकमेची इतकी बक्षिसं. संगणक ती बक्षिसं तिकिटांत विखरून टाकतो. जाड कागदावर आतली चिन्हं छापतात, त्यावर उजेड आरपार जाणार नाही असा थर, मग खरवडायचा लॅटेक्सचा थर, आणि वरून नक्षी. प्रत्येक तिकिटावर एक पडताळणी क्रमांक असतो. बक्षीस द्यायचं की नाही हे चिन्हांवरून कमी आणि त्या क्रमांकावरून जास्त ठरतं. म्हणून चिन्ह खोडून दुसरं चिकटवलं तरी काही मिळत नाही.

या खेळात "थोडक्यात हुकलं" असं वाटेल अशी रचना मुद्दाम केलेली असते. तीन सारखी चिन्हं हवी असतील तर हरलेल्या बऱ्याच तिकिटांवर दोन सापडतात. दोन आली म्हणजे तिसरं जवळच होतं असं मन म्हणतं, आणि हात दुसऱ्या तिकिटाकडे जातो. कागदावर मात्र हरलेलं तिकीट ते हरलेलंच.

अशी रचना करताना चूकही होते. २००३ मध्ये कॅनडातल्या टोरांटो इथले भूगर्भ-संख्याशास्त्रज्ञ मोहन श्रीवास्तव यांच्या लक्षात आलं की ओंटारिओ राज्याच्या एका फुली-गोळ्याच्या स्क्रॅच तिकिटावर न खरवडताच उघडे दिसणारे आकडे बरंच काही सांगून जातात. जे आकडे तिकिटावर एकदाच आले आहेत ते तीन एका ओळीत असले, तर ते तिकीट बहुधा लागलेलं असायचं. त्यांनी पैसे कमवत बसण्याऐवजी लॉटरी चालवणाऱ्यांना न खरवडलेली तिकिटं वर्गवारी करून पाठवली, आणि तो खेळ बाजारातून काढून घेण्यात आला.

आपल्या गावात जे स्क्रॅच येतं ते लॉटरीचं नसतंच. साबणाच्या पुड्यावरचं, मोबाइलवर पैसे पाठवल्यावर येणारं, ही जाहिरातीची कार्डं. त्यात काही लागलं तर मिळतं, नाही तर नाही, वर काही भरावं लागत नाही. आणि तिसरं येतं ते पोस्टाने.

त्या लिफाफ्यात काय होतं

ताईच्या परवानगीने मी तो लिफाफा काउंटरवर उघडून ठेवला. तिचं पूर्ण नाव, पिनकोडसह पत्ता, सगळं बरोबर होतं. तिने काही महिन्यांपूर्वी ऑनलाइन साडी मागवली होती. अशा मागणीची माहिती कुठून तरी बाहेर फुटते आणि चोरांच्या हाती लागते. पत्रावर एका नावाजलेल्या दुकानाचं चिन्ह, खाली दोन गोल शिक्के. शिक्क्यांवर बोट घासलं तर शाई पसरत नव्हती, कारण शिक्के रंगीत प्रिंटमध्येच छापलेले होते. चौकशीसाठी साधा दहा अंकी मोबाइल नंबर. आणि बक्षीस मिळण्याआधी भरायची रक्कम: आधी नोंदणी, मग जीएसटी, मग आरटीओ.

इथे चोर एका खऱ्या नियमाचा आधार घेतात. गाडीसारखं वस्तूचं बक्षीस असेल तर कर भरल्याची खात्री झाल्याशिवाय ते सोडता येत नाही, असं कायद्यात खरोखर आहे. पण तो कर प्राप्तिकर खात्याच्या चलनाने सरकारी तिजोरीत जातो. एखाद्या माणसाच्या फोनपे नंबरावर कधीच जात नाही. आणि रोख बक्षिसाचा कर बक्षिसातूनच कापतात, आधी मागत नाहीत. तिकीट घेतलंच नाही तर बक्षीस लागू शकत नाही, हे तर साधं आहे.

हेच चोर मोबाइलवरही येतात. टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेच्या नावाने पंचवीस लाखांचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश येतो. त्यातले पुष्कळ नंबर +९२ ने, म्हणजे पाकिस्तानच्या कोडने सुरू होतात. "केरळ लॉटरी ऑनलाइन घ्या" हाही त्यातलाच प्रकार. केरळची लॉटरी फक्त कागदी तिकिटावर चालते, ती ऑनलाइन विकली जात नाही.

सट्टापट्टीचं थोडं वेगळं. वरली मटक्याचं मूळ कापसात आहे, हे आपल्या कापूसवाल्या मुलखाने जाणून घ्यावं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव मुंबईला तारेने येत आणि त्यावर लोक पैसा लावत. १९६१ मध्ये ते बंद पडलं, १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी चिठ्ठ्या-पत्त्यांवरचा आकडा सुरू केला. आजही पट्टी घेणारा सांगतो, एका अंकाला एकाला नऊ. दहात एक संधी आणि नऊपट पैसे. कागदावर हे लॉटरीपेक्षा बरं दिसतं, ते मी लपवत नाही. पण इथे उधारी चालते, दिवसातून अनेकदा आकडा निघतो, चिठ्ठीला कायद्यात किंमत नाही, मोठी रक्कम लागली तर पट्टीवाला दुसऱ्या दिवशी दिसत नाही, आणि धाड पडली तर खेळणाराही आरोपी होतो. लॉटरीचं तिकीट आठवड्याला पन्नास रुपये नेतं, पट्टी वावर नेते. एका अंकावर पैसे घेणारं "कॉम्प्युटर लॉटरी"चं दुकान दिसलं तर वरची अट आठवा: एका अंकाचं बक्षीस ठेवायला सरकारी लॉटरीलाही मनाई आहे. घरात कुणाला याची सवय लागून झोप उडाली असेल तर १४४१६ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फुकट आणि मराठीत बोलता येतं.

पैसे गेले असतील तर लाजेत वेळ घालवू नका. ताईने आदल्या रात्रीच नोंदणीचे अकराशे पाठवले होते, हे तिने खूप उशिरा, हळू आवाजात सांगितलं. आम्ही तिथूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम, पैसे गेले तो यूपीआय आयडी आणि समोरच्याचा मोबाइल नंबर, एवढं त्यांनी विचारलं. पैसा चोराच्या खात्यात पडून असेपर्यंत तो तिथेच गोठवता येतो, म्हणून पहिले काही तास मोलाचे. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण केली, लिफाफ्याचे फोटो जोडले, आणि बँकेच्या शाखेत अर्जाची एक प्रत शिक्क्यासह घेतली.

अकराशे अजून परत आलेले नाहीत. साडेसहा हजार त्याच संध्याकाळी बचत गटाच्या पेटीत गेले, अध्यक्षाताईंनी वहीत "परत" असं लिहून सही घेतली. लिफाफा ताईने माझ्याकडेच ठेवला. मी त्याच्यावरचं तिचं नाव-पत्ता कागदाने झाकून झेरॉक्स काढली, मोबाइल नंबर, छापील शिक्का आणि भरायची रक्कम या तिन्हींभोवती लाल पेनने गोल केले, आणि सोमवारी येणाऱ्यांना दिसेल अशी काउंटरच्या काचेवर लावली.